कारभाऱ्याची काठी, घराण्याचा किताब: लॉर्ड एअर्ली आणि ब्रिटिश राजवाड्याचे हिशेब

१९ सप्टेंबर २०२२ रोजी विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या शवपेटीपाशी एक गृहस्थ उभे राहिले. हातातली बारीक पांढरी काठी त्यांनी मधोमध मोडली आणि दोन्ही तुकडे पेटीवर ठेवले. टीव्हीवर तो प्रसंग पाहणाऱ्या अनेकांना प्रश्न पडला, हा माणूस कोण? ते होते लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजवाड्याचे मुख्य कारभारी. धनीण गेली, चाकरी संपली, याची ती खूण.

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत एक विधेयक मांडलं. केवळ जन्माच्या हक्काने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बसणाऱ्यांच्या उरलेल्या जागा काढून टाकायच्या, असं त्यात होतं. तेव्हापासून बातम्यांमध्ये ‘लॉर्ड’ हा शब्द इतक्या निरनिराळ्या माणसांना लावलेला दिसतो की वाचणारा गोंधळून जातो. काठी मोडणारे लॉर्ड पार्कर हे एमआय फाइव्ह या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख. त्यांचं लॉर्डपद बापजाद्यांकडून आलेलं नव्हतं. त्यांच्या आधी याच पदावर असलेले लॉर्ड पील मात्र घराण्याचे लॉर्ड होते.

हा गुंता सोडवायला एकाच माणसाचं आयुष्य नीट पाहणं उपयोगी पडतं. तो माणूस म्हणजे डेव्हिड ओगिल्वी, एअर्लीचे तेरावे अर्ल, १९८४ ते १९९७ या काळातले लॉर्ड चेंबरलेन. जन्माने उमराव, पेशाने बँकर, आणि राणीच्या राजवाड्याची आर्थिक घडी बदलणारा कारभारी.

उमराव वेगळा, मानकरी वेगळा

उमराव म्हणजे ज्याच्याकडे राजाने दिलेला किताब आहे तो. ब्रिटनमध्ये त्याच्या वरून खाली पाच पायऱ्या आहेत: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. अर्ल बरोबर मधला. काही किताब वारशाने उतरतात, तर काही माणसाबरोबर संपतात. १९५८ च्या कायद्यानंतर दिले गेलेले बहुतेक किताब या दुसऱ्या प्रकारचे, हयातीपुरते आहेत.

मानकरी म्हणजे दरबारात प्रत्यक्ष काम किंवा मान असणारा. ही नेमणूक असते. राजा ती देतो आणि काढूही शकतो. उमराव असलात म्हणून दरबारात काम मिळतंच असं नाही, आणि दरबारात काम करायला उमराव असावंच लागतं असंही नाही. आपल्याकडे घराण्याची देशमुखी एक गोष्ट होती आणि पेशव्यांच्या फडावरची नेमणूक दुसरी. तसंच हे.

किताब खाली कसा उतरतो

इथे आपल्या वतनाशी तुलना करायचा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. वतनाच्या तक्षिमा पडत. चार भाऊ असले की चार वाटे, पुढच्या पिढीत सोळा, आणि मग पिढ्यान् पिढ्यांची भाऊबंदकी. ब्रिटिश किताबाचे असे वाटे पडत नाहीत. तो अख्खाच्या अख्खा एका माणसाकडे जातो, आणि सहसा तो माणूस म्हणजे थोरला मुलगा. धाकट्याला किताब नाही. मुलींना बहुतेक घराण्यांत तो मिळतच नाही. काही जुने, विशेषतः स्कॉटिश किताब त्याला अपवाद आहेत.

लॉर्ड एअर्लींना सहा मुलं. पहिल्या दोन मुली, मग मुलगा. वारस ठरला तो तिसरा. थोरली बहीण पाच वर्षांनी मोठी असूनही वारसाच्या रांगेत नव्हती. हा नियम आजही तसाच आहे. गादीच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने मुलामुलीतला भेद काढला, उमरावांच्या किताबांना मात्र हात लावला नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वात अन्यायाचा भाग आहे, आणि वादात त्याच्याकडेच सर्वात कमी लक्ष जातं.

नावांतही हमखास चुका होतात. ‘लॉर्ड एअर्ली’ बरोबर. ‘लॉर्ड डेव्हिड एअर्ली’ चूक. लॉर्डनंतर स्वतःचं नाव आलं की तो ड्यूकचा किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा समजावा. अर्लची पत्नी काउंटेस. वडील हयात असताना थोरल्या मुलाला वडिलांचा दुय्यम किताब नुसता हाक मारण्यापुरता वापरायला मिळतो. एअर्लींच्या घरी वारसाला ‘लॉर्ड ओगिल्वी’ म्हणतात ते यामुळे. तो तेव्हा कायद्याने उमराव नसतो. वडील गेल्यावर किताब त्या क्षणी उतरतो, पण सरकारी कागदोपत्री तो वापरायचा तर वारसाहक्काचा पुरावा देऊन उमरावांच्या अधिकृत यादीत नाव चढवून घ्यावं लागतं. सातबाऱ्यावर वारसनोंद करावी लागते, तसंच. २००४ पासून हा नियम आहे.

कॉर्टाचीचं घराणं

ओगिल्वी हे स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या अँगस परगण्यातलं घराणं, त्यांचा वाडा कॉर्टाची कॅसल. अर्लपद मिळालं १६३९ मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाकडून. पुढे १७१५ आणि १७४५ च्या जॅकोबाइट उठावांत घराण्यातले लोक पदच्युत स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने उतरले. उठाव फसले आणि किताब जप्त झाला. तो परत मिळायला १८२६ साल उजाडलं, तेही संसदेने खास कायदा केल्यावर.

विसाव्या शतकापर्यंत हेच घराणं राजवाड्याच्या अगदी आतल्या वर्तुळात आलं होतं. डेव्हिड यांची आजी मेबल, काउंटेस ऑफ एअर्ली, ही पाचव्या जॉर्जची पत्नी राणी मेरी हिची सहचरी, म्हणजे दिमतीला असणारी मानाची सोबतीण. आजोबा १९०० साली बोअर युद्धात मारले गेले होते. वडील अनेक वर्षं राणीमातेचे कारभारी होते. धाकटे भाऊ अँगस यांचं १९६३ मध्ये राणीची चुलत बहीण राजकन्या अलेक्झांड्रा हिच्याशी लग्न झालं, आणि देऊ केलेलं अर्लपद त्यांनी नाकारलं. डेव्हिड यांच्या पत्नी व्हर्जिनिया मूळच्या अमेरिकन. १९७३ पासून त्या राणीच्या सहचरींपैकी एक होत्या, आणि या मानाच्या जागी नेमलेल्या पहिल्या अमेरिकन.

डेव्हिड यांचा जन्म १७ मे १९२६ चा, राणीपेक्षा ते २६ दिवसांनी लहान. दोघं लहानपणी एकत्र खेळलेली. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला तेव्हा वडिलांचा पोशाख सांभाळणारा छोटा सेवक म्हणून ते वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये हजर होते. अकरावा वाढदिवस अजून पाच दिवसांवर होता.

बँकेतली वर्षं

यापुढची वाट वाचकाला अपेक्षित नसते. ईटनची शाळा, स्कॉट्स गार्ड्समधली लष्करी नोकरी, त्यात मलायातली तैनाती, मग सायरनसेस्टरला शेतीचं शिक्षण. इथपर्यंत कुठल्याही जमीनदार घरातल्या मुलासारखंच. पण १९५३ मध्ये ते लंडनच्या श्रोडर्स या मर्चंट बँकेत शिरले. मर्चंट बँक म्हणजे सामान्य खातेदारांऐवजी कंपन्यांसाठी भांडवल उभारणारी, त्यांच्या खरेदीविक्रीचे सल्ले देणारी बँक. तिथे ते वर चढत गेले आणि १९७७ मध्ये संपूर्ण श्रोडर्स समूहाचे अध्यक्ष झाले. मधेच १९६८ मध्ये वडील वारले आणि ते तेरावे अर्ल झाले.

त्यामुळे १ डिसेंबर १९८४ रोजी ते राजवाड्यात रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. राणीशी लहानपणापासूनची ओळख, आणि ताळेबंद वाचायची सवय. पहिली गोष्ट त्यांच्या आधीच्या अनेकांकडे होती. दुसरी क्वचितच कुणाकडे असेल.

लॉर्ड चेंबरलेन नेमकं करतो काय

आधी एक सावधगिरी. ‘लॉर्ड ग्रेट चेंबरलेन’ हे निराळं पद आहे. ते वंशपरंपरागत असून संसदभवनातल्या राजसमारंभांशी जोडलेलं आहे. गंमत म्हणजे, किताबाचे वाटे पडत नाहीत, पण या पदाचे पडले! १७७९ मध्ये हे पद असलेला ड्यूक निपुत्रिक वारला, हक्क दोन बहिणींकडे गेला, आणि तेव्हापासून ते वेगवेगळ्या घराण्यांत राजवटीगणिक फिरतं. आपल्याकडे देवळातल्या पूजेची पाळी घराण्यांमध्ये फिरते तसं. २०२२ मध्ये राजा बदलला आणि पाळी चमली घराण्याकडून कॅरिंग्टन घराण्याकडे गेली.

नुसता लॉर्ड चेंबरलेन मात्र नेमणुकीचा. राजवाड्याच्या वेगवेगळ्या खात्यांवर तो देखरेख करतो: खासगी सचिवाचं कार्यालय, खजिना, मुदपाकखाना आणि पाहुणचार सांभाळणारं खातं, समारंभांचं खातं, आणि १९८७ पासून राजघराण्याच्या कलासंग्रहाचं खातं. रोजचं काम खातेप्रमुख करतात. लॉर्ड चेंबरलेन अर्धवेळ असतो, संचालक मंडळाच्या अध्यक्षासारखा. राजकीय अंत्यविधी, परदेशी राष्ट्रप्रमुखांचं स्वागत, बागेतल्या मेजवान्या ही सगळी जबाबदारी त्याच्या कार्यालयाची. १७३७ ते १९६८ या काळात ब्रिटनमधल्या प्रत्येक नव्या नाटकाला परवानगी द्यायचं कामही याच कार्यालयाकडे होतं. म्हणजे नाटकांचं सेन्सॉर बोर्ड चक्क राजवाड्यात होतं.

घरात पैसा होता, हिशेब नव्हता

एअर्ली आले तेव्हा दुखणं कुठे होतं ते पाहू. राजवाड्याचा खर्च निरनिराळ्या नळांतून यायचा. नोकरांचे पगार आणि समारंभ ‘सिव्हिल लिस्ट’मधून, म्हणजे संसदेने मंजूर केलेल्या तनख्यातून. छतं, गटारं, विजेच्या तारा यांची दुरुस्ती एक सरकारी खातं करायचं. विमान आणि रेल्वेचा खर्च आणखी दुसरीकडून. एकाच वाड्यात बल्ब बदलायचा निर्णय एकाचा, पैसे दुसऱ्याचे. अशा घरात कुणी काटकसर केली तरी त्याचा फायदा त्याला मिळत नाही, म्हणून कुणी करतही नाही.

दुसरं दुखणं महागाईचं. १९५२ मध्ये राणीचा तनखा वर्षाला ४,७५,००० पौंड ठरला होता, तोही पूर्ण राजवटीसाठी. १९७२ मध्ये तो ९,८०,००० करावा लागला, आणि पुढे महागाई इतकी भडकली की आकडा दरवर्षी वाढवायची वेळ आली. म्हणजे दरवर्षी संसदेत चर्चा आणि दरवर्षी ‘राणीला पगारवाढ’ अशा मथळ्यांच्या बातम्या.

एअर्लींनी १९८६ मध्ये बाहेरून एक हिशेबनीस आणला. मायकेल पीट नावाचा तरुण लेखापाल. त्याने राजवाड्याचा कोपरा न् कोपरा तपासून १,३०० हून अधिक पानांचा अहवाल दिला, १८८ शिफारशींसह. पानांची संख्या मुद्दाम सांगितली, कारण तपासणी किती बारीक होती ते तिच्यावरून कळतं. शिफारशींचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा: पैसा ज्याच्या हातात, जबाबदारी त्याच्या गळ्यात, आणि दोन्ही राजवाड्याच्या आत.

त्यातून पुढची पावलं पडली. १९९० मध्ये तनखा दहा वर्षांसाठी एकदाच ठरवला, १९९१ पासून वर्षाला ७९ लाख पौंड. १९९१ मध्ये वाड्यांच्या देखभालीचा पैसा आणि काम सरकारी खात्याकडून राजवाड्याकडे आलं. १९९७ मध्ये प्रवासखर्चाचंही तेच झालं. पीट स्वतः राजवाड्यात नोकरीला आले आणि पुढे खजिन्याचे प्रमुख झाले.

इथे एक अंदाज चुकला, तोही सांगायला हवा. ७९ लाखांचा आकडा ठरवताना वर्षाला ७.५ टक्के महागाई धरली होती. प्रत्यक्षात ती जवळपास निम्मीच राहिली. परिणामी दहा वर्षांत सुमारे साडेतीन कोटी पौंड शिल्लक साठले. टीकाकार म्हणाले, जनतेचे पैसे जास्त घेतले. ते खरंच होतं. त्यावर उपाय असा झाला की पुढची दहा वर्षंही आकडा तोच ठेवला आणि साठलेली शिल्लक त्या काळात खर्चाला लावली.

पण हा पैसा मुळात कोणाचा?

सगळा वाद इथे अडतो. देवस्थानाचं उदाहरण घेऊ. देवाचे दागिने, देवाची जमीन, आणि पुजाऱ्याचं स्वतःचं घर या तीन गोष्टी गावात सगळे वेगळ्या ओळखतात. ब्रिटिश राजाच्या बाबतीतही तसंच आहे.

देवाचे दागिने म्हणजे राजमुकुट, बकिंगहॅम पॅलेस, कलासंग्रह. राजा ते वापरतो, पण विकू शकत नाही, ते पुढच्या गादीवाल्याकडे जायचे असतात. देवाची जमीन म्हणजे ‘क्राउन इस्टेट’, ज्यात लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या मालमत्तेपासून समुद्राच्या तळापर्यंत बरंच काही येतं. तिचा नफा तिसऱ्या जॉर्जने १७६० मध्ये सरकारी तिजोरीत द्यायचं मान्य केलं, आणि बदल्यात तनखा सुरू झाला. पुजाऱ्याचं स्वतःचं घर म्हणजे बाल्मोरल आणि सँड्रिंगहॅम, ही खासगी मालमत्ता. याखेरीज लँकेस्टरची जहागीर आहे. तिचं उत्पन्न राजाच्या खासगीकडे जातं, पण मूळ जहागीर विकून पैसे खिशात घालता येत नाहीत.

वृत्तपत्रं राणीच्या संपत्तीचे प्रचंड आकडे छापत ते बहुतेक वेळा दागिने आणि घर एकत्र मोजून. फेब्रुवारी १९९३ मध्ये एअर्लींनी राणीच्या परवानगीने जाहीर केलं की अंदाजांतला सर्वात कमी, १० कोटी पौंडांचा आकडासुद्धा फार फुगवलेला आहे. खरा आकडा मात्र त्यांनी दिला नाही. माझ्या मते ही त्यांची चूक होती. हिशेब खुले करणाऱ्या माणसाने तिथेच थांबायला नको होतं.

आग, कर आणि आठ पौंडांचं तिकीट

२० नोव्हेंबर १९९२ ला विंडसर कॅसलमध्ये आग लागली. खासगी प्रार्थनागृहात एका प्रखर दिव्याची आच पडद्याला लागली आणि बघता बघता ११५ खोल्यांची हानी झाली. विझवायला १५ तास लागले. अशा वाड्यांचा विमा उतरवलेला नसतो. दुरुस्ती सरकार करेल असं मंत्र्याने जाहीर करताच लोक भडकले: वाडा तिचा असेल तर तिने भरावं, आमचा असेल तर आम्हाला आत सोडा!

या प्रश्नाला दिलेलं उत्तर सरळ होतं, आणि ते देता आलं कारण हिशेबाची व्यवस्था आधीच उभी होती. ७ ऑगस्ट १९९३ ला बकिंगहॅम पॅलेसचे दिवाणखाने लोकांसाठी उघडले, प्रौढांना तिकीट ८ पौंड. विंडसरच्या दुरुस्तीला सुमारे ३.७ कोटी पौंड लागले आणि त्यातला ७० टक्क्यांच्या आसपास वाटा तिकिटांतून निघाला. काम आगीच्या बरोबर पाचव्या वर्षदिनी, २० नोव्हेंबर १९९७ ला, पुरं झालं.

आगीनंतर सहाच दिवसांत पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितलं की राणी १९९३ पासून आयकर भरेल. हे सहा दिवसांत ठरलेलं नव्हतं. त्याचा अभ्यास राजवाड्यात आधीपासून चालू होता, पण आगीमुळे ते दबावाखाली दिल्यासारखं दिसलं. एका गादीवाल्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या संपत्तीला वारसा कर लागत नाही, ही सूट त्या व्यवस्थेत राहिली. तिचं समर्थन असं की दर पिढीला ४० टक्के गेले तर राजा सरकारचा मिंधा होईल. दागिन्यांच्या बाबतीत हे पटतं, खासगी घराच्या बाबतीत ते तितकं पटत नाही.

सहा दिवसांत अंत्यविधी

३१ ऑगस्ट १९९७ ला डायाना पॅरिसमध्ये अपघातात गेल्या. एअर्लींची निवृत्ती तोंडावर होती. घटस्फोटामुळे डायाना राजघराण्याच्या नियमांत बसत नव्हत्या, आणि त्यांना सामान्य नागरिक म्हणणं लोकांना मान्य नव्हतं. नियमावलीत उत्तरच नव्हतं. एअर्लींच्या अध्यक्षतेखाली दुसऱ्याच दिवशी बकिंगहॅम पॅलेसमध्ये बैठक बसली. राणीमातेसाठी तयार असलेला आराखडा पायाला घेतला आणि त्यात बदल केले. शवपेटीमागे लष्करी पलटणींऐवजी डायानांनी ज्यांच्यासाठी काम केलं त्या संस्थांचे सुमारे ५०० लोक चालले. गर्दीचा अंदाज आल्यावर मिरवणुकीचा मार्ग लांबवून ती केन्सिंग्टन पॅलेसपासून काढली. ६ सप्टेंबरला अंत्यविधी झाला. परंपरेचा सर्वात जुना जाणकारच परंपरा कुठे वाकवायची ते सांगू शकला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मग १९९९ मध्ये त्यांचं काय गेलं?

त्या वर्षीच्या कायद्याने जन्माच्या हक्काने बसणारे शेकडो उमराव हाउस ऑफ लॉर्ड्समधून बाहेर पडले. तडजोड म्हणून ९२ जागा ठेवल्या: दोन समारंभी पदांच्या, बाकी ९० निवडून भरायच्या. रिकाम्या जागेला पोटनिवडणूक व्हायची, तीही उमरावांमध्येच. २०१६ मध्ये अशा एका निवडणुकीत उमेदवार सात होते आणि मतदार तीन! २०२४ चं विधेयक या जागांबद्दलच होतं.

एअर्लींची जागा १९९९ मध्ये गेली. पण किताब राहिला, जमीन राहिली, आणि दरबारी मानही राहिला. पुढे ते स्कॉटलंडमधल्या राजाच्या धनुर्धारी रक्षकदलाचे प्रमुख होते. म्हणजे संसदेतली जागा, किताब आणि दरबारी पद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक काढली म्हणून बाकीच्या दोन जात नाहीत.

ही ओळखीपाळखीची भरती नव्हे का?

होय, मोठ्या प्रमाणात होती. राणीच्या बालमित्राला हे पद मिळालं, आणि ते ज्यांच्यातून भरलं जायचं ते वर्तुळ फार लहान होतं. त्याच वर्तुळातल्या ओळखीमुळे एअर्ली राणीला नकोसं वाटेल असं तोंडावर सांगू शकत, हेही खरं. पण त्यासाठी वारसाचा किताब लागत नाही. त्यांच्यानंतर आलेले लॉर्ड कॅमॉइज घराण्याचे उमराव होते, त्यांच्यामागून आलेले लॉर्ड लूस हयातीपुरते. मग घराण्याचे पील, आणि पुढे पार्कर व बेनियन हे दोघं पुन्हा हयातीपुरते. २०१२ पासून तनखा जाऊन क्राउन इस्टेटच्या नफ्याशी जोडलेलं एकच अनुदान आलं, २०२५-२६ साठी १३.२१ कोटी पौंडांचं. सगळे नळ एका टाकीत आणण्याची पीट अहवालातली कल्पना तिथे पूर्ण झाली.

लॉर्ड एअर्ली २६ जून २०२३ रोजी वारले, तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकानंतर सात आठवड्यांनी. त्याच दिवशी किताब त्यांच्या मुलाकडे गेला, आणि तो चौदावा अर्ल झाला. कारभाऱ्याची काठी १९९७ सरतानाच दुसऱ्याच्या हाती गेली होती.